कुत्र्याचें छायाचित्र

ग्रामोफोनच्या कर्ण्यापुढें कान देऊन बसलेला कुत्रा ठाऊक नाहीं, असें सुशिक्षित मराठी घर विरळाच. 'हिज मास्टर्स व्हॉइस'च्या तबकड्यांवरील तो कुत्रा काल्पनिक नव्हे. त्याचें नांव निपर. १८९५ सालीं तो वारला, आणि त्यानंतर तीन वर्षांनीं फ्रान्सिस बॅरॉड या इंग्रज चित्रकारानें त्याचें चित्र रंगविलें. मूळ चित्रांत निपरपुढें होता तो मेणाच्या नळकांड्यांवर वाजणारा फोनोग्राफ. ग्रामोफोन कंपनीनें १८९९ सालीं तें चित्र विकत घेतलें, तें जुनें यंत्र पुसून तेथें कंपनीचा ग्रामोफोन रंगवावा या अटीवर. बॅरॉडनें तसें केलें. बदललें तें यंत्र. कुत्रा होता तसाच राहिला.

पाळीव जनावराच्या चित्रांत कशाला हात लावावा व कशाला लावूं नये, याचा याहून सोपा दाखला मिळणें कठीण. आज घरोघर मोबाइलच्या रूपानें कॅमेरा आला आहे, व त्याच मोबाइलवर चित्र हवें तसें बदलण्याचीं साधनेंही आहेत. तरी घरच्या माणसांची तक्रार ऐकूं येते ती एकच : चित्र सुरेख आहे, पण हा आपला मोती नव्हे.

याचें पहिलें कारण, छायाचित्र काढणारा उभा असतो हें होय. वरून पाहिलें असतां कुत्र्याचें डोकें मोठें व पाय आखूड दिसतात. अशा वेळीं खुशाल फरशीवर बसकण मारावी, कुत्रा लहान जातीचा असल्यास पालथें पडावें, व भिंग त्याच्या डोळ्यांच्या रेषेंत आणावें. दुसरें कारण अंतराचें. मोबाइलचें नेहमींचें भिंग रुंद कोनाचें असतें. चेहरा मोठा यावा म्हणून तें वीतभर अंतरावर नेलें, कीं जवळचें नाक फुगतें आणि दूरचे कान आंत ओढल्यासारखे होतात. दोनतीन हात मागें सरून दृश्य दुप्पट जवळ आणणारी सोय वापरली, म्हणजे नाक आपोआप जागेवर येतें. मागें सरण्यांत आणखी एक लाभ आहे. कुत्र्यांच्या व्यवहारांत रोखून पाहणें म्हणजे आव्हान देणें. तोंडावर धरलेलें भिंग त्याला तसल्याच डोळ्यासारखें वाटल्यास नवल नाहीं. कॅमेरा आधीं त्याला हुंगूं द्यावा.

परंतु सर्वांत अधिक चुका होतात त्या प्रकाशाच्या, व त्यांचा जाच होतो तो काळ्या कुत्र्याला. कॅमेऱ्यांतील प्रकाशमापक मुळांत भोळा असतो. समोरचें दृश्य सरासरीनें मध्यम करडें असणार, असें गृहीत धरून तो उजेड किती घ्यावयाचा तें ठरवितो. चौकटभर काळा लॅब्रॅडॉर असला, कीं त्याला वाटतें उजेड कमी पडला. तो अधिक उजेड आंत घेतो, आणि काळा कुत्रा राखेच्या रंगाचा होतो. पांढऱ्या पॉमेरेनियनची गत उलट. तो मळकट दिसूं लागतो. म्हणून काळ्यासाठीं उजेड थोडा कमी करावा व पांढऱ्यासाठीं थोडा वाढवावा. नियम उफराटा वाटतो खरा, पण बरोबर तोच आहे. मात्र काळा कुत्रा उन्हानें तळपणाऱ्या गच्चीवर दूर बसला असेल, तर कॅमेरा गच्चीकडे पाहून उजेड कमी करतो व कुत्र्याच्या जागीं नुसता डाग उरतो. तेथें उजेड वाढवावा लागतो. बहुतेक मोबाइलवर कुत्र्याच्या तोंडाच्या जागीं बोट टेकलें कीं बाजूस सूर्याचें चिन्ह उमटतें. तें सरकविलें कीं काम भागतें. काळ्या केसांना घाट येतो तो त्यांवरील चकाकीनें, आणि ती मिळण्यास भर दुपारचें ऊन उपयोगी नाहीं. खिडकी अथवा गॅलरीचें दार एका अंगाला यावें, अशा बेतानें त्याला बसवावें.

फ्लॅश तर वापरूंच नये. कुत्र्याच्या दृष्टिपटलामागें एक परावर्तक थर असतो. डोळ्यांत शिरलेला प्रकाश तो पुन्हां दृष्टिपटलाकडे परतवितो, आणि म्हणून अंधुक उजेडांत कुत्र्याला माणसाहून बरें दिसतें. समोरून फ्लॅश पडला कीं हाच थर हिरवा-पिवळा पेटून उठतो. माणसाच्या डोळ्यांतील लाली काढण्याची जी सोय असते ती लाल रंग शोधते. हिरव्यापुढें तिची मात्रा चालत नाहीं. मग बाहुली हातानें काळी करावी लागते, व तसें करतांना तिच्यावरील प्रकाशाचा पांढरा ठिपका राखावा लागतो. तो ठिपका गेला कीं डोळा पेंढा भरलेल्या जनावराचा वाटतो.

कुत्रा क्षणभर स्थिर राहत नाहीं, ही तक्रार खरी आहे. पण तिला उपाय आहेत. बसलेल्या कुत्र्यास सेकंदाचा २५० वा भाग पुरतो, धांवणाऱ्यास १००० वा भाग हवा. लक्ष वेधण्यासाठीं लाल चेंडू हिरवळीवर टाकण्यांत अर्थ नाहीं. कुत्र्याच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात. निळा व पिवळा त्याला वेगळे दिसतात, लाल आणि हिरवा यांची त्याला गल्लत होते. चमत्कारिक आवाज काढला कीं तो मान तिरकी करतो, तीही दोनतीन वेळांच. तेव्हां बोट आधीं कळीवर ठेवावें व आवाज मागून काढावा.

चप्पल फाटलेली, आणि शेजारीं कान पाडून, डोळे वर करून बसलेला 'अपराधी' कुत्रा, हें चित्र हौसेनें काढलें जातें. अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या विदुषीनें २००९ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असें दिसलें, कीं खोडी केली कीं नाहीं यावर तो चेहरा अवलंबून नव्हता. धनी रागावला कीं निरपराध कुत्र्याच्या मुखावरही तो उमटे. कुत्रा पुनःपुन्हां जांभया देत असेल, ओठ चाटत असेल, तोंड फिरवून डोळ्याच्या कोपऱ्यांतील पांढरें दाखवीत असेल, तर तो त्रासला आहे. कॅमेरा तेव्हां बाजूस ठेवणें बरें. जीभ बाहेर काढणें म्हणजेही दरवेळीं हंसणें नव्हे. अंगांतील उष्मा तो धापा टाकून घालवितो.

आतां दुरुस्ती. ट्यूबलाइटनें आलेली हिरवट छटा, मागची बादली, गळ्यांतील साखळी, तोंडाची लाळ, हीं काढण्यास हरकत नाहीं. तीं कुत्र्याचीं नव्हेत. चौकट कातरतांना कान व शेंपूट तोडूं नये, एवढें पाहावें. परंतु माणसांचे चेहरे गुळगुळीत करणारी युक्ति कुत्र्यावर चालविली, तर केसांचा मेणकापड होतो. कारवान जातीचा शिकारी कुत्रा अंगानें सडपातळच असतो. त्याला चित्रांत पुष्ट करणें हा त्याचा अपमान आहे. रस्त्यावरून घरीं आणलेल्या पुष्कळ कुत्र्यांच्या कानाला खांच असते. ती जखम नव्हे, नसबंदी झाल्याची खूण आहे. दुरुस्तीचें साधन ती दोष समजून बुजवूं पाहतें. म्हाताऱ्या कुत्र्याचें तोंड पांढरें होतें, तें काळें करण्याचाही मोह होतो. तो गेल्यानंतर घरचीं माणसें जें तोंड शोधीत चित्रें चाळतात, तें हेंच पांढरें तोंड असतें.

आणि प्रत्येक घरीं एक संच असा असावा कीं ज्याला दुरुस्तीचा स्पर्शही झालेला नाहीं. दिवाळींत फटाक्यांच्या आवाजानें बिथरून कुत्रे घर सोडून पळतात, व शेजारपाजारीं दाखवावयास हातांत असतें तें लाल टोपी घातलेलें, मागची बाजू धूसर केलेलें एखादें देखणें चित्र. त्यावरून कोणीही कुत्रा ओळखणार नाहीं. दिवसाच्या उजेडांत, अंगावर कपडे नसतांना, उभ्या कुत्र्याचें उजव्या अंगानें एक, डाव्या अंगानें एक व समोरून एक, अशीं तीन छायाचित्रें घ्यावींत. उंची कळावी म्हणून एकांत घरचें कोणी शेजारीं उभें करावें. ठिपका, व्रण, वांकडी शेंपटी असेल तर ती जवळून निराळी टिपावी. पिल्लू वाढत असेपर्यंत हा संच दर दोनतीन महिन्यांनीं नवा करावा लागतो.