ऑस्टन मॅथ्यूज: अठराव्या वर्षाचा हिशेब

ऑस्टन मॅथ्यूजचा जन्म १७ सप्टेंबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियातील सॅन रमोन येथे झाला. आइस हॉकीच्या कॅलेंडरात ही तारीख दोन दिवसांनी चुकली. उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीग, म्हणजे एनएचएल, दर उन्हाळ्यात नवे खेळाडू संघांमध्ये वाटते. या वाटपाला ड्राफ्ट म्हणतात. त्या वर्षाच्या १५ सप्टेंबरपर्यंत ज्याला अठरा वर्षे पूर्ण होतात, त्याचाच ड्राफ्टसाठी विचार होतो. मॅथ्यूजला अठरा पूर्ण झाली ती १७ सप्टेंबर २०१५ रोजी, त्यामुळे त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये तो बसला नाही. जन्मतारखेपायी शाळाप्रवेशाचे वर्ष गेलेल्या मुलांच्या पालकांना ही चडफड समजेल.

तो काही महिन्यांचा असताना कुटुंब ॲरिझोनातील स्कॉट्सडेल येथे आले. हा वाळवंटी मुलूख. तिथे थंडीत गोठणारी तळी नाहीत की घरामागे पाणी ओतून केलेली रिंक नाही. मात्र १९९६ मध्ये कॅनडातील विनिपेगचा एनएचएल संघ फीनिक्सला हलला होता आणि त्याच्याबरोबर शहरात एनएचएलची हॉकी आली. लहानग्या ऑस्टनला सामन्यापेक्षा मधल्या वेळात बर्फ सपाट करत फिरणाऱ्या झांबोनी यंत्राचे जास्त वेड होते, असे सांगतात. वडील कॉलेजात बेसबॉल खेळलेले, आई मेक्सिकोतील एर्मोसियोची. घरात हॉकीची परंपरा अशी नव्हतीच.

फीनिक्समध्ये पूर्ण मापाच्या रिंकवर वेळ मिळणे कठीण होते. मॅथ्यूज एका छोट्या रिंकवर तीन विरुद्ध तीन असे सामने खेळत वाढला. जागा इतकी कमी की पक, म्हणजे खेळाची रबरी चकती, स्टिकवर आला रे आला की अंगावर कोणीतरी असणारच. दोन पावलांच्या जागेत वळायचे, पक लपवायचा आणि मारायचा, ही सवय तिथली. पुढे त्याच्या रिस्ट शॉटचे, म्हणजे मनगटाच्या झटक्याने मारलेल्या फटक्याचे, नाव झाले. त्यात तो पक आधी स्वतःच्या पायांकडे ओढून घेतो आणि मग सोडतो. एवढ्याने फटक्याचा कोन बदलतो आणि बचाव करणाऱ्याची पुढे आलेली स्टिक रिकामीच राहते. स्केटिंग शिकवले ते युक्रेनच्या बोरिस दोरोझेंको यांनी. हे गृहस्थ त्याआधी मेक्सिकोत हॉकी शिकवत होते. युक्रेनी गुरू मेक्सिकोमार्गे वाळवंटात येतो आणि बर्फावरचा खेळाडू घडवतो, हा योग कोणत्याही नियोजनाने जुळला नसता.

२०१२ मध्ये कॅनडाच्या वेस्टर्न हॉकी लीगमधील एव्हरेट सिल्व्हरटिप्स संघाने त्याला निवडले होते. हा ज्युनिअर हॉकीचा रुळलेला रस्ता. सोळाव्या वर्षी घर सोडायचे, अनोळखी कुटुंबाकडे राहायचे आणि बसने शेकडो मैल फिरत सामने खेळायचे. मॅथ्यूजने तो घेतला नाही. तो मिशिगनमधील ॲन आर्बर येथे अमेरिकेच्या राष्ट्रीय विकास कार्यक्रमात गेला. तिथे पहिल्याच हंगामाच्या आरंभी मांडीचे हाड मोडले आणि काही महिने बाहेर बसून काढावे लागले. पण २०१४-१५ च्या हंगामात त्याने ५५ गोल केले आणि पुढे एनएचएल गाजवणाऱ्या पॅट्रिक केनचा त्या कार्यक्रमातील गुणांचा विक्रम मोडला. हॉकीत गोलला एक गुण आणि गोलसाठी पास देणाऱ्यालाही एक, असा हिशेब असतो.

आता ड्राफ्टपर्यंतचे मधले एक वर्ष कुठे काढायचे, हा प्रश्न होता. कॉलेजची हॉकी होती, ज्युनिअर होती. मॅथ्यूजने तिसरीच वाट धरली: स्वित्झर्लंडमधील झुरिकच्या झेडएससी लायन्स संघाशी व्यावसायिक करार. त्या काळच्या नियमांनी पैसे घेऊन खेळणाऱ्याला अमेरिकी कॉलेजच्या हॉकीचे दार बंद होत असे, म्हणजे ही वाट परतीची नव्हती. अठरा पूर्ण होईपर्यंत तिथेही खेळता येईना, त्यामुळे हंगामाचे सुरुवातीचे सामने हुकले. आई सोबत राहायला गेली. प्रशिक्षक होते मार्क क्रॉफर्ड, ज्यांनी १९९६ मध्ये कोलोराडोला एनएचएलचा स्टॅन्ले कप जिंकून दिला होता. तिशीतल्या, दाढीमिशा पिकू लागलेल्या पुरुषांविरुद्ध ३६ सामन्यांत या पोराने २४ गोल केले. समवयस्कांत राहून आकडे आणखी फुगवता आले असते. पण धक्के खाऊन उभे राहणे तिथे शिकता आले नसते.

ड्राफ्ट म्हणजे आयपीएलसारखा लिलाव नव्हे. बोली लागत नाही. संघ क्रमाने नाव पुकारतात आणि खेळाडूला संघ निवडता येत नाही. कमकुवत संघाला आधी संधी मिळते, पण पहिला क्रमांक सोडतीने ठरतो, नाहीतर मुद्दाम हरण्याचीच चढाओढ लागेल. २०१५-१६ मध्ये तीस संघांत तळाला राहिलेल्या टोरोंटो मेपल लीफ्सकडे पहिल्या क्रमांकाची २० टक्के शक्यता होती. सोडत त्यांच्या बाजूने लागली आणि २४ जून २०१६ रोजी बफलो येथे त्यांनी मॅथ्यूजचे नाव पुकारले. पहिल्या कराराचा साचाही ठरलेला: या वयाला तीन वर्षे, मूळ वेतन तेव्हा जास्तीत जास्त ९,२५,००० डॉलर, आणि कामगिरीनुसार वरचे पैसे. कितीही गुणी मुलगा असला तरी मूळ वेतनाची ही मर्यादा त्याला ओलांडता येत नव्हती.

पदार्पण १२ ऑक्टोबर २०१६ रोजी ओटावाविरुद्ध, त्यांच्याच मैदानावर. पहिल्याच फटक्यावर गोल झाला. दुसरा पाहण्यासारखा होता. गर्दीत पक सुटला, त्याने तो पुन्हा मिळवला, ओटावाचा कर्णधार एरिक कार्लसनच्या स्टिकखालून काढून घेतला आणि जवळजवळ गोलरेषेवरून, जिथून जाळी दिसतसुद्धा नाही अशा कोनातून, गोलरक्षक क्रेग अँडरसनला चकवले. दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीला तिसरा गोल, आणि ते सत्र संपायला तीन सेकंद उरले असताना चौथा. प्रेक्षकांत बसलेल्या आईच्या डोळ्यांत पाणी आलेले कॅमेऱ्यांनी टिपले. लीगच्या पहिल्याच रात्री, १९ डिसेंबर १९१७ रोजी, जो मलोन आणि हॅरी हायलंड यांनी प्रत्येकी पाच गोल केले होते. पण त्या रात्री सगळ्यांचेच पदार्पण होते. आधुनिक काळात पहिल्या सामन्यात चार गोल कोणी केले नव्हते.

टोरोंटो तो सामना ५-४ असा हरला. जादा वेळेत कायल टरिसने विजयी गोल केला. त्याच्यावरची नजर हटली ती आपलीच, असे मॅथ्यूजने सामन्यानंतर कबूल केले.

पुढे एका टप्प्यात सलग १३ सामने गोल झाला नाही. पदार्पणाच्या रात्रीइतकेच हे आठवडेही त्या हंगामाचे आहेत. मग घडी बसली. १ जानेवारी २०१७ रोजी टोरोंटोत उघड्यावर झालेल्या सामन्यात त्याने जादा वेळेत डेट्रॉइटविरुद्ध विजयी गोल केला. हंगामाचे सर्व ८२ सामने खेळून त्याने ४० गोल केले आणि सर्वोत्तम नवोदिताचा काल्डर चषक मिळवला. टोरोंटोच्या खेळाडूला हा मान १९६६ नंतर प्रथमच मिळत होता. आदल्या वर्षी तळाला असलेला संघ बाद फेरीत गेला आणि वॉशिंग्टनकडून सहा सामन्यांत हरला.

पहिला करार संपायच्या आधीच, ५ फेब्रुवारी २०१९ रोजी, नवा झाला: ५ कोटी ८१ लाख ७० हजार डॉलर. आपल्या खेळाडूला आठ वर्षांपर्यंत बांधून ठेवण्याची मुभा संघाला होती. मॅथ्यूजने पाचच वर्षे दिली, म्हणजे करार संपताना तो सव्वीस वर्षांचा असणार होता.