चोरून वाचू नका, राजरोस वाचा

 शिक्रापूरहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. दर वेळी आपण हप्ता, व्याज, शेळीपालन, पापड-मसाले यांवर बोलतो. आज विषय जरा वेगळा आहे. मोबाईलवर फुकट मिळणाऱ्या गोष्टींच्या पुस्तकांवर आज बोलू. ही पुस्तकं म्हणजे प्रेमकथा आणि रहस्यकथा. हसू नका. या विषयापायी आमच्या गटातल्या एका ताईचे चार हजार आठशे रुपये गेले, आणि पैशापेक्षा मोठी गोष्ट जाता जाता राहिली.

झालं असं. ही ताई आमच्या गटाची कोषाध्यक्ष. हिशोबाला पक्की, कधी एक रुपया इकडचा तिकडे नाही. त्या महिन्यात मात्र तिचा हप्ता आला नाही. बैठकीलाही आली नाही. आम्ही आपसांत बोललो, "हल्ली बघावं तेव्हा मोबाईलमध्ये डोकं असतं तिचं." दोघीचौघींनी माना डोलावल्या. खरं सांगतो, त्यात आम्हीही होतो. आठ दिवसांनी तिच्या घरी गेलो तेव्हा तिने आधी दार लोटलं, मग सांगितलं. ती रात्री गोष्टी वाचायची. मालक सणसवाडीला कंपनीत, दुसरी पाळी करून घरी यायला बारा वाजायचे. पोरं झोपलेली, आत्याबाई झोपलेल्या. जेवण झाकून ठेवून वाट बघत बसायचं, तेव्हा एक प्रेमकथा तिने वाचायला घेतली. रोज एक भाग. एका रात्री कुठल्याशा ग्रुपवर निरोप आला, 'पाचशे मराठी कादंबऱ्या मोफत, खालचं ॲप घ्या.' तिने घेतलं. ॲपने मेसेज वाचायची परवानगी मागितली, तिने दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी दुधाच्या पैशांचं खातं रिकामं.

आम्ही विचारलं, "अगं, त्याच दिवशी का नाही बोललीस?" ती म्हणाली, "काय सांगू? प्रेमाची गोष्ट वाचत होते म्हणून सांगू?"

मैत्रिणींनो, आजचं सगळं बोलणं या एका वाक्यावर आहे. तिला फसवलं त्या ॲपने, पण आठ दिवस गप्प बसवलं ते लाजेने. ऑनलाइन पैसे गेले तर १९३० हा सरकारी मदतीचा नंबर आहे. पहिल्या काही तासांत फोन केला, तर पैसा पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. जितका उशीर, तितका पैसा पुढे सरकत जातो. आपली लाज चोराच्या कामाला येते ती अशी.

म्हणून आधी ही लाज बाजूला ठेवू. करमणुकीसाठी वाचणं हा रिकामटेकडेपणा नाही. १८९० साली पुण्यात हरी नारायण आपट्यांनी एक साप्ताहिक काढलं, त्याचं नावच होतं 'करमणूक'. त्यात कादंबऱ्या आठवड्याला थोड्या थोड्या छापून यायच्या. आज मोबाईलवर 'पुढील भाग उद्या' असं येतं, तसंच. 'पण लक्षांत कोण घेतो' ही त्यांची कादंबरी त्यातूनच आली. यमू नावाची मुलगी स्वतःच्या तोंडाने आपली कर्मकहाणी सांगते. लहानपणी लग्न, मग वैधव्य, आणि घरातल्यांनी केलेले हाल. लोकांनी ती करमणूक म्हणून वाचली आणि वाचता वाचता त्यांना बाईचं दुःख दिसलं.

त्याच काळात बायांच्या हातात पुस्तक दिसणं घरात खपत नव्हतं. न्यायमूर्ती रानड्यांनी रमाबाईंना शिकवलं, तर घरातल्याच मोठ्या बायकांनी त्यांना टोचून बोलून नको केलं. ते रमाबाईंनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. काशीबाई कानिटकर लग्नानंतर लिहा-वाचायला शिकल्या आणि १९०३ साली त्यांची 'रंगराव' ही कादंबरी आली. मराठीत कादंबरी लिहिणाऱ्या अगदी पहिल्या बायांपैकी त्या. तेव्हा पुस्तक पदराआड असायचं, आज मोबाईल पांघरुणाआड असतो. सव्वाशे वर्षांत एवढाच फरक पडावा का?

रहस्यकथांचंही तसंच. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड ही त्यांची माणसं आपल्या आजोबा-चुलत्यांना तोंडपाठ होती. वाचनालयातून पुस्तक आणायचं आणि रात्रीत संपवायचं. पुरुषाने वाचलं तर तो वाचनाचा नाद, आणि बाईने वाचलं की तिचं घरात लक्ष नाही. हा हिशोब आपण तरी मांडू नये.

आता फुकट म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. फुकटाचे तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार, हक्काची मुदत संपलेली पुस्तकं. पुस्तकावर लिहिणाऱ्याचा हक्क असतो, त्याला प्रताधिकार म्हणतात. १९५७ च्या कायद्याप्रमाणे आपल्या देशात हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षं राहतो. लेखक गेला त्याच्या पुढच्या जानेवारीपासून ही साठ वर्षं मोजायची. हरिभाऊ आपटे १९१९ साली गेले, म्हणजे त्यांची पुस्तकं केव्हाच सगळ्यांची झाली. 'वीरधवल' लिहिणारे नाथमाधव १९२८ साली गेले, त्यांचीही मोकळी. काशीबाई १९४८ साली गेल्या, त्यांचीही मोकळी. पण अर्नाळकर गेले १९९६ साली. त्यांच्या पुस्तकांवरचा हक्क २०५६ संपेपर्यंत आहे. प्रेमकथांचे मोठे लेखक ना. सी. फडके १९७८ साली गेले, म्हणजे २०३८ संपेपर्यंत. परदेशी पुस्तकांत एक मेख आहे. शेरलॉक होम्सच्या गोष्टी लिहिणारे कॉनन डॉईल १९३० साली गेले, त्यामुळे मूळ इंग्रजी गोष्टी मोकळ्या आहेत. मराठी अनुवाद करणाऱ्याचा हक्क मात्र वेगळा धरतात.

दुसरा प्रकार, लेखकाने स्वतः राजीखुशीने दिलेली पुस्तकं. हीही चांगली.

तिसरा प्रकार, कुणीतरी विकतचं पुस्तक स्कॅन करून ग्रुपवर सोडलेलं. हे फुकट दिसतं, पण ती चोरी आहे. आपण रात्र जागून केलेल्या गोधडीचा फोटो काढून कुणी तिसऱ्यानेच ती आपली म्हणून विकली, तर आपल्याला कसं वाटेल? लिहिणाऱ्याचंही तेच. आणि बहुतेक सापळे याच रस्त्यावर लावलेले असतात, कारण चोरीचा माल घेणारा तक्रार करायला जात नाही.

मग चांगली पुस्तकं कुठं मिळतात? मराठी विकिस्रोतावर हक्क संपलेली पुस्तकं आहेत. स्वयंसेवकांनी ती टाईप करून ठेवली आहेत. ई साहित्य प्रतिष्ठान ही संस्था लेखकांच्या परवानगीने मराठी पुस्तकं फुकट देते. त्यात कथा आहेत, कादंबऱ्या आहेत, रहस्यकथाही आहेत. राज्य सरकारचं साहित्य आणि संस्कृती मंडळ आपली पुस्तकं संकेतस्थळावर फुकट ठेवतं. त्यात गोष्टी कमी, माहिती जास्त, पण पोरांच्या अभ्यासाला उपयोगी. आणि रोज एक भाग वाचायची सवय असेल, तर 'प्रतिलिपी' हे बंगळुरूच्या कंपनीचं ॲप बऱ्याच जणींना माहीत आहे. तिथं घरकाम, नोकरी सांभाळून लिहिणाऱ्या कितीतरी बाया आहेत. पण तिथं सगळंच फुकट नसतं. काही कथांचे पुढचे भाग लगेच हवे असतील तर पैसे मागतात. रात्री बारा वाजता गोष्ट ऐन रंगात आलेली असते आणि बटण समोर असतं. तेव्हा आम्ही स्वतःला एकच नियम घातलाय, रात्री पैसे भरायचे नाहीत. सकाळी उठूनही तो भाग हवासा वाटला, तर बघू.

आता मोबाईल वापरायच्या चार गोष्टी.

एक. पुस्तक वाचायला मेसेज, संपर्क, बँक यांची परवानगी लागत नाही. पुस्तकाचं ॲप मेसेज वाचू द्या म्हणालं, की समजायचं हे पुस्तक नाही. ओटीपी तर कुणालाच सांगायचा नाही.

दोन. पुस्तकाची फाईल बहुतेक पीडीएफ किंवा ईपब असते. फाईलच्या नावाच्या शेवटी इंग्रजीत ए-पी-के अशी अक्षरं दिसली, तर ते पुस्तक नसून ॲप आहे. निरोपातून आलेलं असं ॲप उघडू नका. ॲप घ्यायचंच असेल तर प्ले स्टोअरवरूनच घ्या, आणि तिथंही परवानग्या वाचून घ्या.

तीन. फाईल किती मोठी ते आधी बघा. टाईप केलेली कादंबरी दोन-चार एमबीत बसते. पानांचे फोटो काढून केलेली पन्नास एमबीच्या वरही जाते, नेट संपतं आणि मोबाईल अडकतो. ईपबमध्ये अक्षर मोठं करता येतं आणि ओळी आपोआप जुळतात. पीडीएफमध्ये पान डावीकडे-उजवीकडे सरकवत बसावं लागतं. चाळिशीचा चष्मा लागलेल्यांनी ईपब मिळतंय का ते आधी बघावं.

चार. पुस्तक एकदा उतरवून घेतलं की नेट बंद करून वाचा. चाकण चौकात गाडी अर्धा तास अडकली तरी चिंता नाही, आणि मधेच कुठला निरोपही येत नाही.

गोष्टींबद्दलही थोडं बोलू. सगळ्याच प्रेमकथा चांगल्या नसतात. काहींत हिरो हिरॉईनला दटावतो, तिचा फोन तपासतो, थप्पड मारतो, आणि त्याला प्रेम म्हणतात. आमच्यात यावर वाद झाला. एक जण म्हणाली, "गोष्टच आहे ती." दुसरी म्हणाली, "माझ्या घरी हेच झालं तेव्हा मलाही ते प्रेमच वाटायचं." बैठकीत सगळ्या गप्प झाल्या. हप्त्याच्या बैठकीत ती बाई हे कधी बोलली नव्हती. गोष्टीच्या आडोशाने बोलली. हलकीफुलकी गोष्टही असं काम करून जाते. रहस्यकथेत तर वाचता वाचता सवयच लागते, हा माणूस असं का बोलतोय, याचा फायदा कुणाला? ही सवय लिंक पाठवणाऱ्यावरही चालवायची.

आता त्या ताईचं सांगतो. दुसऱ्या दिवशी आम्ही पाच जणी तिच्याबरोबर आधी बँकेत गेलो, मग पोलीस ठाण्यात. १९३० वर तक्रार नोंदवली. आठ दिवस उलटून गेले होते, पैसे परत आले नाहीत. तिचा त्या महिन्याचा हप्ता गटाने पुढे ढकलला आणि तसा ठराव वहीत लिहिला. कोषाध्यक्ष तीच राहिली. आणि आम्ही तिची माफी मागितली, तेही बैठकीत, सगळ्यांसमोर. पाठीमागे बोललो होतो, म्हणून समोर मागितली.

मग एक नवी पद्धत पाडली. श्रावणात आपण पोथी लावतो ना, तशी आम्ही कादंबरी लावली. बैठकीचा हिशोब संपला की अर्धा तास एकीने मोबाईलवरून मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. ज्यांना वाचता येत नाही त्या मावश्याही ऐकतात. उलट त्याच जास्त तावातावाने बोलतात. पहिली लावली ती 'पण लक्षांत कोण घेतो'. भाषा जुनी आहे, काही शब्द अडतात. मग एखादी मावशीच सांगते, "अगं, माझी आजी असंच बोलायची." यमूचे हाल वाचताना एकदा वाचणारीचाच आवाज बसला, तेव्हा शेजारणीने मोबाईल घेतला आणि पुढचं वाचलं. हप्ता चुकवणाऱ्या बाया आहेत, पण वाचनाचा अर्धा तास कुणी चुकवत नाही.

तुमच्या गटात हे करायचं असेल, तर फार काही लागत नाही. एक मोबाईल, एक पुस्तक, आणि एक ठरवलेली वेळ. पुस्तक कुठून घेतलं ते वहीत लिहा, म्हणजे कुणी विचारलं तर सांगता येईल. १९३० हा नंबर वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

आणि घरी कुणी विचारलं, "काय वाचतेस गं एवढं?" तर मोबाईल उलटा ठेवू नका. सांगा, "गोष्ट वाचतेय. खून कुणी केला ते अजून कळलं नाही." आमच्या त्या ताईने असंच सांगितलं. आत्याबाई थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "मोठ्याने वाच की मग."

पुढच्या वेळी पुन्हा भेटू. तोवर वाचत राहा. नमस्कार.