चिलखत, रोमन

चिलखत, रोमन : प्राचीन रोमन सैनिकाच्या धडाचे व खांद्यांचे रक्षण करणारे आवरण. लॅटिनमध्ये त्यास ‘लोरिका’ म्हणत. त्याचे तीन प्रमुख प्रकार आढळतात : (१) लोखंडी कड्यांचे, यातील प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांत गुंतविलेली असे, (२) कापडावर वा चामड्यावर शिवलेल्या धातूच्या खवल्यांचे आणि (३) लोखंडी पट्ट्यांचे. तिसऱ्या प्रकारास ‘लोरिका सेग्मेंटाटा’ म्हणतात. हे नाव मात्र अर्वाचीन विद्वानांनी दिलेले आहे.

पट्ट्यांचे चिलखत इ. स. पू. पहिल्या शतकाच्या अखेरीपासून इ. स. तिसऱ्या शतकापर्यंत वापरात होते. रोम येथील ट्रेजन स्तंभावरील (इ. स. ११३) शिल्पांत ते दिसते, तथापि त्याची अंतर्रचना शिल्पांवरून उमगत नाही. त्यामुळे पट्ट्या चामडी अंगरख्यावर शिवलेल्या असाव्यात, असे पूर्वी मानले जाई. इंग्लंडमधील कॉर्ब्रिज येथे १९६४ मध्ये सापडलेल्या लाकडी पेटीतील अवशेषांमुळे हा समज दूर झाला. पट्ट्यांवरील गंजात चामड्याच्या खुणा टिकून होत्या. त्यांच्या आधारे एच्. रसेल रॉबिन्सन यांनी या चिलखताची पुनर्रचना केली.

कॉर्ब्रिज पद्धतीच्या चिलखताचे चार भाग असत : खांद्यांचे दोन व कमरेभोवतीचे दोन. अर्धवर्तुळाकार पट्ट्या अंशतः एकमेकींवर चढवून आतील उभ्या चामडी वाद्यांना रिव्हेटांनी जखडीत. त्यामुळे सैनिकास वाकता व वळता येई. खांद्यांवरील पट्ट्या पितळी बिजागऱ्यांनी जोडलेल्या असत. वरचे व खालचे भाग वाद्या आणि बकलांनी, तर कमरेच्या पट्ट्या समोर व पाठीमागे कड्यांतून दोरी ओवून बांधीत. हे भाग सुटे करून एकात एक ठेवता येत. गळ्यास धातू घासू नये म्हणून सैनिक गळपट्टा बांधीत.

या रचनेचे मर्म तिच्या जोडसाहित्यात होते व तिचा कमकुवतपणाही तेथेच होता. पातळ पत्र्याच्या बिजागऱ्या व बकले सहज तुटत. लोखंड व पितळ यांच्या संपर्काने दमट हवेत गंज वाढे. रोमन छावण्यांच्या उत्खननांत असे तुटके भाग विपुल मिळतात. स्कॉटलंडमधील न्यूस्टेड येथे सापडलेल्या नंतरच्या चिलखतात म्हणूनच बिजागऱ्यांऐवजी थेट रिव्हेट व साधे, मजबूत आकडे आढळतात. जर्मनीतील काल्क्रीझ येथे २०१८ मध्ये मिळालेले, बरेचसे अखंड चिलखत या प्रकाराचा सर्वांत जुना ज्ञात नमुना मानला जातो.