कैसरचा किल्ला

फ्रान्सच्या आल्सास प्रांतात, व्होझ पर्वतरांगेच्या एका शिखरावर, सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर ओ-केनिग्सबूर हा किल्ला आहे. गुलाबी वालुकाश्माची तटबंदी, तोफांचे जाडजूड बुरूज, उतरती छपरं आणि मधोमध चौकोनी मनोरा. सगळं इतकं शाबूत की जाणकारांना तेच खुपतं. वर्षाला जवळपास पाच लाख लोक हा किल्ला पाहतात, आणि त्याच्यावरचा आरोपही जुना आहे: हा किल्ला नकली आहे, जर्मन सम्राटाची हौस आहे, इतिहास पाहायचा असेल तर शेजारच्या डोंगरांवरचे पडके गड पाहावेत. आरोपातली माहिती खरी आहे, निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. ओ-केनिग्सबूर पंधराव्या शतकाची साक्ष म्हणून कमकुवत आहे. १९०८ सालची साक्ष म्हणून त्याच्या तोडीची इमारत युरोपात शोधावी लागेल.

मूळ किल्ला बाराव्या शतकातला, होहेनश्टाउफेन घराण्याच्या काळातला. पुढे तो लुटारू सरदारांच्या हाती गेला, तेव्हा आसपासच्या शहरांनी एकत्र येऊन १४६२ मध्ये तो उद्ध्वस्त केला. १४७९ मध्ये हाब्सबुर्ग सम्राटाने तो टियरश्टाईन सरदारांना दिला आणि त्यांनी तोफांचा मारा सोसेल असा तो नव्याने बांधला. १६३३ मध्ये, तीस वर्षांच्या युद्धात, स्वीडिश फौजेने ५२ दिवस वेढा घालून तो घेतला आणि जाळला. त्यानंतर अडीचशे वर्षांहून अधिक काळ तिथे फक्त झाडं वाढली. १८६५ मध्ये सेलेस्टा शहराने हे अवशेष विकत घेतले. १८७०-७१ च्या फ्रान्स-जर्मन युद्धानंतर आल्सास जर्मनीकडे गेला, आणि १८९९ मध्ये त्याच शहराने आपला पडका किल्ला कैसर विल्हेल्म दुसरा याला भेट दिला. भेट स्वीकारणाऱ्याला तिचा उपयोग नेमका ठाऊक होता. साम्राज्याच्या पूर्व टोकाला मारिएनबुर्गचा किल्ला होता, पश्चिम टोकाला हा हवा होता. नव्याने जिंकलेला मुलूख आपलाच होता, हे दगडातून सांगायचं होतं.

मग सगळंच थोतांड होतं का? इथे वास्तुतज्ज्ञ बोडो एबहार्टकडे नीट पाहावं लागतं. त्याने १९०० ते १९०८ या काळात काम केलं ते नाटकाचा पडदा रंगवणाऱ्यासारखं नव्हे. आधी राडारोडा उपसला, भिंती मोजल्या, छायाचित्रं काढली, जुने कागद धुंडाळले. सापडलेल्या फरशांच्या तुकड्यांवरून शेगड्या पुन्हा घडवल्या. दगड वाहायला छोटी रेल्वे आणि वाफेचं इंजिन वर चढवलं. पुन्हा बसवलेल्या दगडांवर खुणा कोरल्या, म्हणजे जुनं कुठे संपतं ते पाहणाऱ्याला कळावं. फसवायचंच असतं तर हा उपद्‌व्याप कुणी केला असता?

पण अभ्यास प्रामाणिक असला म्हणजे निवड निष्पक्ष होत नाही. अनेक शतकांच्या बांधकामातून नेमका टियरश्टाईन काळच का उभा करायचा, याचं उत्तर उत्खननात नव्हतं. कैसरला हाब्सबुर्ग सम्राटांच्या छत्राखालचा आल्सास तेवढा उपयोगाचा होता. मुख्य दालनात हे उघडच दिसतं. चित्रकार लेओ श्नुगने, जो स्वतः आल्सासचाच, छतावर साम्राज्याचा प्रचंड गरुड रंगवला आणि त्यावर ‘देव आमच्यासोबत’ या अर्थाचं जर्मन ब्रीद लिहिलं. १३ मे १९०८ रोजी उद्‌घाटनाला जुन्या पोशाखांतली मिरवणूक निघाली, पाऊस कोसळला, आणि हान्सी या आल्सासच्या व्यंगचित्रकाराने या सोहळ्याची यथेच्छ टर उडवली.

सर्वांत वजनदार आक्षेप मात्र फ्रेंचांचा नव्हताच. जर्मन कलेतिहासकार गेओर्ग डेहिओ स्ट्रासबूर्गच्या विद्यापीठात शिकवत असे. ‘जपा, पुन्हा बांधू नका’ हे त्याचं सूत्र, आणि १९०५ मध्ये खुद्द कैसरच्या वाढदिवसाच्या व्याख्यानात त्याने जीर्णोद्धाराच्या या वेडावर बोट ठेवलं. किल्ल्याचं काम तेव्हा त्याच प्रांतात चालू होतं! तत्त्व म्हणून डेहिओ बरोबर होता. जिथे तर्काने भर घालावी लागते तिथे थांबा, असं स्मारकांच्या जतनाविषयीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेनेही पुढे मान्य केलं. ओ-केनिग्सबूरवर अवशेषांचं जे नुकसान झालं ते भरून येणारं नाही, हेही कबूल करायला हवं. पण त्या तत्त्वाने आज हाती काय लागतं? एबहार्टची भर काढली तर १६३३ नंतरचा अवशेष परत येत नाही, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी एका साम्राज्याने इतिहास कसा वापरला याचा पुरावा तेवढा जातो.

फ्रान्सने ही गोष्ट कृतीने मान्य केली. १९१९ च्या व्हर्साय तहाने किल्ला फ्रेंच सरकारकडे आला. कैसरची निशाणी म्हणून तो पाडता आला असता, पण तो ठेवला. १९३७ साली पडद्यावर आलेल्या झाँ रेन्वारच्या ‘ला ग्रांद इल्यूझियाँ’मध्ये फ्रेंच अधिकाऱ्यांना कैदेत ठेवणारा जर्मन किल्ला म्हणून हाच दिसतो, म्हणजे एबहार्टच्या बांधकामाला तिसराच अर्थ मिळाला. २००७ मध्ये राज्याने तो स्थानिक प्रशासनाच्या हवाली केला.

जाणार असाल तर हत्यारं आणि कपाटं नंतर पाहा. आधी दगडांवरच्या एबहार्टच्या खुणा शोधा, मग श्नुगच्या छताखाली पुरेसा वेळ थांबा. पंधरावं शतक या किल्ल्यात थोडंच उरलं आहे, १९०८ मात्र जवळजवळ सगळं जागेवर आहे.