हिरडीखालची टणक गाठ

कुंभकोणमची ओळख तीन गोष्टींनी सांगतात: देवळे, डिग्री कॉफी आणि विड्याचे पान. कावेरीकाठच्या मळ्यांतले ते कोवळे पान जेवणानंतर हातात आले की नाही म्हणवत नाही. तंजावरच्या भोसल्यांच्या काळात या मुलखात आलेल्या मराठी घराण्यांनीही हा पाहुणचार आपलासा केला. पान बिचारे निरुपद्रवी. घात करतात ती त्याच्या सोबतीला येणारी सुपारी आणि तंबाखू. तंबाखूची गोळी रोज गालात एकाच जागी धरली की तिथली हिरडी मागे सरकते आणि दातांची मुळे उघडी पडतात. जोरजोरात ब्रश घासणाऱ्यांचीही हीच गत होते.

मग थंड पाणी झोंबू लागते आणि माणूस दंतवैद्याकडे जातो. हिरडी फारच उतरली असेल तर डॉक्टर कलम सुचवतात. टाळूवरचा जेमतेम दीड मिलिमीटर जाडीचा पापुद्रा काढून तो दाताच्या मुळाशी टाक्यांनी बसवतात. 1960 च्या दशकापासून रुळलेली ही शस्त्रक्रिया आहे. टाळूची जखम दोन-तीन आठवड्यांत भरते. तेवढे दिवस तिखट-मसाल्याचे सांबार मात्र विसरायचे!

समजा, अशी शस्त्रक्रिया झालेल्या एखाद्या गृहिणीला वर्ष-दोन वर्षांनी चूळ भरताना जिभेला काहीतरी टणक लागले. आरशात पाहावे तर कलमाच्याच जागी वाटाण्याएवढा उंचवटा. दुखत नाही, रक्त येत नाही, पण महिन्यामहिन्याने किंचित वाढतो आहे. घरात कुणी तंबाखू खाणारे तोंडाच्या कर्करोगाने गेले असेल, तर तिच्या मनात पहिला विचार कोणता येईल, हे सांगायला नको. अशा बायका नवऱ्यालाही न सांगता महिनोन् महिने गप्प बसतात.

बहुतेक वेळा हा उंचवटा साध्या हाडाचा असतो. वैद्यकात त्याला 'एक्झोस्टोसिस' म्हणतात. 1991 साली 'जर्नल ऑफ पिरिओडॉन्टॉलॉजी' या नियतकालिकात न्यूझीलंडच्या दंतवैद्यांनी कलमाखाली हाड वाढलेल्या दोन रुग्णांची हकिगत छापली. 2005 मध्ये ब्राझीलच्या डॉक्टरांनी 'ब्रिटिश डेंटल जर्नल'मध्ये आणखी काही रुग्णांची नोंद केली. जगभर होणाऱ्या कलमांच्या मानाने असे रुग्ण अगदी थोडे.

हाड का वाढते, याचे पक्के उत्तर नाही. हाडावर एक पातळ आवरण असते आणि त्यात नवे हाड तयार करणाऱ्या पेशी असतात. कलमासाठी जागा तयार करताना हे आवरण दुखावले की त्या पेशी जाग्या होत असाव्यात, असा तज्ज्ञांचा तर्क आहे. मोडलेले हाड जोडणारीच ही शक्ती. इथे ती नको तिथे कामाला लागते.

तरीही घरबसल्या निदान करू नये. नुसती सुपारीसुद्धा कर्करोगकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये जाहीर केले आहे. त्यामुळे चट्टा पडला, न भरणारा व्रण झाला, रक्त आले किंवा दात हलू लागला, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा. हाडाचा उंचवटा बोटाला दगडासारखा लागतो, वरची त्वचा गुळगुळीत असते. डॉक्टर एक्स-रे काढतात, शंका वाटली तर तुकडा तपासणीला पाठवतात.

हाडच निघाले आणि त्रास नसेल तर त्याला हात लावत नाहीत, फक्त अधूनमधून पाहतात. घास अडकू लागला, ब्रश पोचेना किंवा कवळी बसेना, तर जागा बधिर करून हिरडी उचलतात, वाढीव हाड घासून सपाट करतात आणि टाके घालतात.

निदानाला सर्वांत मोठी मदत होते ती जुन्या कागदांची. कलम कुठे आणि कधी केले, हे नव्या डॉक्टरला ठाऊक नसते. कुंभकोणमहून चाळीसेक किलोमीटरवरच्या तंजावरात सरफोजी राजांनी एकोणिसाव्या शतकात नेत्ररुग्णांच्या नोंदी लिहवून घेतल्या होत्या. सरस्वती महाल ग्रंथालयाने त्या आजवर जपल्या आहेत. आपल्या घरात मात्र दंतवैद्याची चिठ्ठी टाके निघाले की रद्दीत जाते.