दुखत नाही म्हणजे बरा झाला, असं नाही!

'अरे, आता जराही दुखत नाही. फायनल तेवढी खेळतो ना!' एसीएलचं ऑपरेशन होऊन तीन महिने झालेला खेळाडू हे एकदा तरी म्हणतोच. कबड्डीत पाय अडकतो किंवा फुटबॉलमध्ये एकदम वळताना गुडघ्यात 'कट्ट' आवाज येतो आणि आतला हा लिगामेंट तुटतो. ऑपरेशन उरकतं काही तासांत. खरी मेहनत त्यानंतर सुरू होते.

ऑपरेशनमध्ये बहुतेकदा तुमच्याच मांडीच्या मागचा किंवा वाटीखालचा टेंडन घेऊन लिगामेंटच्या जागी बसवतात. शरीर तो हळूहळू आपलासा करतं. पण गंमत बघा, पहिल्या काही आठवड्यांत हा टेंडन मजबूत व्हायच्या ऐवजी कमजोर होतो. नेमकं तेव्हाच दुखणं थांबलेलं असतं. फसगत होते ती इथेच!

म्हणून फिजिओच्या टप्प्यांना शॉर्टकट नाही. सुरुवातीला सूज उतरवायची, गुडघा पूर्ण सरळ करायचा, टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली दाबून मांडी आवळायची. बोअरिंग वाटतं, पण ऑपरेशननंतर मांडीचा स्नायू झपाट्याने बारीक होतो, तो असाच जागा करावा लागतो. मग जागेवरची सायकल, अर्ध्या बैठका, पायरी चढ-उतर, एका पायावर तोल. साधारण तीन-चार महिन्यांनी, फिजिओ 'हो' म्हणाले तर, हलकं जॉगिंग. उड्या आणि झटकन वळणं त्याहून पुढे.

आणि मॅच? २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेलावेअर-ऑस्लो अभ्यासात दिसलं, की नऊ महिन्यांपर्यंत खेळणं जितके महिने लांबवलं, तितकी दर महिन्यामागे पुन्हा दुखापतीची शक्यता जवळपास निम्मी होत गेली. ब्राझीलच्या नेमारचा एसीएल ऑक्टोबर २०२३ मध्ये तुटला. तो मैदानात परतला थेट ऑक्टोबर २०२४ मध्ये!

नुसते महिने मोजूनही भागत नाही. ऑपरेशन झालेल्या पायाची ताकद आणि एका पायावरची उडी दुसऱ्या पायाच्या किमान ९० टक्के भरते का, हे फिजिओकडून तपासून घ्या. सर 'टीमला गरज आहे' म्हणाले, मित्रांनी 'घाबरतोस काय' म्हटलं, तरी ही टेस्ट पास होईपर्यंत बेंचवर बसा. एक फायनल हुकेल, पण पुढची खेळायला गुडघा शाबूत राहील.