जागा कुणाला सांगायची?

१८ जून २०२५ रोजी वन्यजीव अभ्यासक आणि लेखक मारुती चितमपल्ली गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की नागपूरचा फुटाळा तलाव मानवनिर्मित आहे आणि म्हणून २०१७च्या नियमांनुसार तो पाणथळ जागा ठरत नाही. पहिल्या बातमीने नागपूरचे पक्षिमित्र हळहळले, दुसरीने चिडले. मला दोन्ही बातम्या एकाच ठिकाणी टोचतात. अंबाझरी असो, गोरेवाडा असो की उमरेडकडचे सिंचनाचे तलाव, आपल्या भागातलं बहुतेक पाणी माणसांनीच अडवलेलं आहे. कायद्याची व्याख्या या तलावांच्या बाजूने उभी राहणार नसेल, तर त्यांची बाजू मांडायला उरतात तिथले पक्षी. म्हणजे कोणता पक्षी, कोणत्या तारखेला, किती संख्येने कुठे उतरला याच्या नोंदी. आणि गेल्या काही वर्षांत आपण या नोंदींमधून नेमकी जागाच पुसून टाकली आहे.

पूर्वी तसं नव्हतं. नागपूरच्या अजब बंगल्याचे, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालयाचे अभिरक्षक ई. ए. डि'अब्रू यांनी १९३५मध्ये मध्य प्रांतातल्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली, ती आजही आधाराला घेता येते. त्यानंतरचा मोठा काळ इथे झरझर ओलांडायला हरकत नाही. दुर्बिणी कमी, निरीक्षक थोडे. दुर्मीळ पक्षी दिसला तर वर्णन लिहून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे (बीएनएचएस) किंवा झफर फतेहअलींच्या पक्षिनिरीक्षकांसाठीच्या वार्तापत्राकडे पाठवायचं. छापून येईपर्यंत पक्षी निघून गेलेला असे. हा उशीर त्या काळी खटकायचा, पण तोच पक्ष्याचं रक्षण करत होता आणि नोंदही शाबूत ठेवत होता.

खरा पालट झाला २०१० ते २०२० या दशकात. मोठ्या लेन्सचे कॅमेरे आवाक्यात आले, मोबाइलवर ग्रुप निघाले आणि सकाळी दिसलेल्या पक्ष्याचं लोकेशन दुपारपर्यंत शेकडो लोकांच्या हाती पडू लागलं. त्या दशकाचं ऋण मी नाकारत नाही. पक्षिनिरीक्षण मूठभर अधिकारी-प्राध्यापकांच्या वर्तुळातून बाहेर पडलं ते तेव्हाच. पण त्याच काळात फोटो हाच पुरावा ठरला आणि लिहिलेलं टिपण बिनकामाचं. पावसाळ्यात आपल्याकडच्या जंगलांत वीण करणाऱ्या नवरंगाचं उदाहरण घ्या. त्याच्या घरट्याभोवती गर्दी करणं, आडव्या येणाऱ्या फांद्या मोडणं, मोबाइलवर कॉल वाजवून नराला पुढे ओढणं हे प्रकार कौशल्य म्हणून मिरवले गेले. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणं शिकारीच्या व्याख्येतच बसतं, हे ठाऊक असलेल्या ज्येष्ठांनीही त्या फोटोंवर वाहवा केली. तो दोष नवख्यांच्या माथी मारून या ज्येष्ठांना मोकळं होता येणार नाही.

मग लंबक उलट्या टोकाला गेला. आता फोटोखाली ‘विदर्भ’ किंवा ‘नागपूर परिसर’ एवढंच लिहिलेलं असतं. तारीखही गाळलेली असते आणि विचारणाऱ्याकडे संशयाने पाहिलं जातं. जागेची खरी माहिती चार-पाच मित्रांत फिरते, म्हणजे ओळख असलेल्यांना गर्दी करायची मुभा कायमच राहते. याला संवर्धन म्हणणं मला मान्य नाही. जागा चुकली की काय होतं हे रानपिंगळ्याने दाखवून दिलं आहे. १८८४नंतर या घुबडाचा खात्रीचा नमुना नव्हता. ब्रिटिश संग्राहक रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांनी १९१४ सालचा आणि गुजरातेतला म्हणून पुढे केलेला नमुना प्रत्यक्षात जेम्स डेव्हिडसन यांचा चोरलेला जुना नमुना निघाला. नमुन्याला लावलेल्या त्या खोट्या चिठ्ठीने शोध घेणाऱ्यांची दिशा चुकवली. पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती बाजूला सारून जुन्या खऱ्या ठिकाणांचा माग काढला, तेव्हा नोव्हेंबर १९९७मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हा दिसला. पुढे तो आपल्या मेळघाटातही सापडला. एकशे तेरा वर्षांनी उपयोगी पडली ती चिठ्ठ्यांवर प्रामाणिकपणे लिहिलेली गावांची नावं.

यावर आक्षेप येतो, की जागा सांगितली तर लोक तुटून पडतील. घरटं, घुबडाची ढोली, माळढोकाचा माळ यांबाबत हा आक्षेप पूर्ण खरा आहे. ते हंगाम संपेपर्यंत झाकलंच पाहिजे. पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या ई-बर्ड या संकेतस्थळावर २०१७पासून संवेदनशील पक्ष्यांची नेमकी जागा लपवली जाते, पण नोंद आत जपून राहते. मात्र हिवाळ्यात एखाद्या मोठ्या तलावाच्या मध्यावर बसलेला पट्टकादंबांचा थवा काठावरच्या दहा दुर्बिणींनी उठत नाही. तिथे झाकाझाकीचा फायदा फक्त तलावावर डोळा ठेवणाऱ्यांना होतो. दुसरा आक्षेप असा, की आजच्या गर्दीवर विश्वास कसा टाकायचा? गोंदिया-भंडाऱ्याकडचा सारस भातखाचरांत घरटं करतो, आणि ते राखायचं तर ज्याचं शेत त्या शेतकऱ्याला आधी सांगावंच लागतं. तिथल्या संवर्धनाचा पायाच स्थानिकांना जागा ठाऊक असण्यावर उभा आहे. शहरी पक्षिमित्र मात्र जागा सांगतो दुसऱ्या शहरी पक्षिमित्राला, तलावाच्या गावातल्या मासेमाराला नाही. चितमपल्लींचं बरंचसं ज्ञान रानातल्या माणसांशी बोलून आलेलं होतं. ते ज्यांच्याकडून घेतलं, त्यांच्यापासूनच आता आपण ते लपवतो आहोत.

२०१० ते २०२० या दशकातले हजारो फोटो नागपुरात घरोघरच्या हार्डडिस्कवर पडून आहेत. तारीख बहुतेक फाइलमध्येच सापडेल. तलावाचं नाव मात्र अनेकदा फक्त फोटो काढणाऱ्याच्या आठवणीत आहे आणि त्यांतले बरेच जण आता सत्तरीकडे झुकले आहेत. राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर, चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत, पक्षी सप्ताह होतो. येत्या सप्ताहात नवे फोटो काढण्याऐवजी या जुन्या फोटोंखाली तलावांची आणि गावांची नावं लिहून घ्यावीत आणि ती यादी महापालिका, सिंचन विभाग आणि त्या त्या ग्रामपंचायतीच्या हाती द्यावी. अंबाझरीपासून सुरुवात करता येईल.